एकच व तोच इसम

केपें कचेरीच्या मागे, फणसाखाली माझे टेबल.
पोर्तुगीज जन्मनोंदी वाचून देतो, पानाला दोनशे रुपये.
तो वळणदार हात आता इथे दोघातिघांनाच लागतो,
त्यातले एक मोतीबिंदूने घरी बसले आहेत.

लोक येतात. रुझारचे आजोबा लग्नाच्या वहीत एक,
मरणाच्या वहीत दुसरे. कित्तेरीबाईंच्या आईला
कारकुनाने एक 'ई' जास्त दिली, तेवढ्यावर
फाईल लिस्बनहून परत. अकरा महिन्यांनी.
आम्हा फळदेसायांचे तर तीन प्रकार:
फाल, फळ, आणि कुठल्याशा कारकुनाच्या काळात, फोल.
मी हसत नाही. मजकूर लिहून देतो,
नोटरी शिक्का मारतो:
*वरील सर्व नावांचा इसम एकच व तोच आहे.*

हजारभर तरी लिहिले असतील.
माणसे गेली. कोणी डब्लिनला भट्टीवर पाव काढतो,
कोणी लक्झेंबर्गला दुसऱ्यांचे जिने पुसते.
जाताना दोदोल देऊन जातात, आणि किल्ली.
माझ्या कपाटात नऊ घरांच्या किल्ल्या आहेत.

यंदा चवथ झाल्यावर माझीच मुलगी
गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसली.
जावयाचा परवाना दरसाल नवा करावा लागतो.
घर भाड्याचे. मुलगा विचारतो, पुढच्या वर्षी याच शाळेत ना?
"बाबा, तुमचा जन्म तिथे नोंदवला की माझा नोंदवता येतो.
मग आम्हाला कायमचे राहता येईल."
कायमचे हा शब्द उल्काने हळू उच्चारला,
डॉक्टरसमोर आजाराचे नाव घ्यावे तसा.

नोंद मिळाली. सगुण फोल देसाई, पुरुष,
वीस मार्च एकोणीसशे एकोणपन्नास, पहाटे चार.
आई मात्र माझा वाढदिवस श्रावणात करायची.
कुशावतीने पारोड्याचा रस्ता गिळला होता,
सुईण होडीतून आली, म्हणायची.
कारकुनाची चूक, आम्ही म्हणायचो.
कारकुनांच्या चुकांवरच तर माझी चूल पेटते.

मग मरणाची वही उघडली. सवयीने, दुसरे काही नाही.
जून एकोणपन्नास. सगुण. वय तीन महिने. ताप.
खबर देणारा: बाप.
खाली मराठीतली सही, 'ग'चा पाय लांब ओढलेला,
माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तशीच.

पुढची पाच वर्षे पान पान चाळले.
मी कुठेच नाही.
बापाने नाव वाया जाऊ दिले नाही.
कागद तयार होता, दोन पावसाळ्यांनी मूल आले.
म्हणजे मामलेदार कचेरीतून मी
दोन वर्षे आधीच निवृत्त झालो तर.
तेवढ्यावर हसूही आले.

उल्काला सांगितले नाही.
एका 'ई'साठी प्रतिज्ञापत्र लागते,
एका भावासाठी लागले नाही.
आमचे स्पेलिंग जुळते आहे.

नोव्हेंबरात बँकेत गेलो, हयातीच्या दाखल्याला.
काचेपलीकडची पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्हीच ना?"
सही केली. 'ग'चा पाय लांब गेला.

आता अर्ज समोर आहे. भाषांतर झाले, सुवाच्य.
सध्याचा पत्ता: लिहिला.
कायमचा पत्ता.
तान्हे मूल जाळत नाहीत, पुरतात.
आमच्याच भाटात असणार, विहिरीकडच्या माडांत कुठेतरी.
त्या माडांचे नारळ मी आयुष्यभर खाल्ले,
पाडेलीला दर खेपेला पैसे मोजले.
कुठला माड, हे विचारायला
आता कोणी उरले नाही.

तेवढ्यात रुझार आला, कागद काखेत,
आता बापाच्या नावात 'एस' की 'झेड', विचारत.
मी पेनाचे टोपण लावले.
म्हटले, बस. बघू.